दोनच नळ्या

खाजामियाँ नगरपालिकेचे वॉल्व्हमन.
उदगीरच्या कुठल्या गल्लीखालून कुठली लाइन जाते
त्यांना नकाशाशिवाय ठाऊक.
भूल चढायच्या आधी म्हणाले,
"डॉक्टरबाई, खोदा खुशाल. पण पुरं उघडं पडल्याबिगर कापू नका."
मी हसले. मास्कमधलं कुणाला दिसत नाही.

चार भोकं, पोटात हवा,
पडद्यावर पित्ताशय: सुजून ढेकूळ झालेलं,
चरबीत रुतलेलं, आतड्याला बिलगलेलं.
कॅमेरा मंजिरीकडे. काच धुरकटली
की गरम पाण्यात बुडवते, पुसते, परत आत.

तासाभरानं एक नळी मोकळी झाली.
जाडसर, आज्ञाधारक, अगदी समोर.
क्लिप माझ्या हातात.
हीच, मन म्हणालं.

मन मागंही असंच म्हणालं होतं.
देगलूरच्या मास्तरीणबाई,
चौथ्या दिवशी डोळे पिवळे,
मग हैदराबाद, मग साडीखाली लपवलेली पिशवी, सहा महिने.
दर दिवाळीला त्यांचा फोन येतो.
शिव्या देत नाहीत. तेच.

ओढ जास्त लागली
की दोन वाटा एका रेषेत येतात,
आणि थोरली धाकटीसारखी दिसते.

"थांबू."
क्लिप ट्रेमध्ये परत; टण्णकन वाजली.
यकृतावरची खाच शोधली.
नळी खाचेच्या खाली होती.
"मंजिरी, पित्ताशयात किती जातायत?"
"दोन... नाही, एकच दिसतेय."
"मागं यकृत दिसतंय?"
"नाही मॅडम."

चिद्रवार सर जेवणावरून उठून आले,
बोटांना अजून भाकरीचं पीठ.
मी काहीच सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर त्यांनाही तेच दिसलं असतं.
बराच वेळ पडद्यासमोर उभे.
"तिकडं जाऊच नको. वरनं उघड,
खडे काढ, बूड राहू दे."

एकेचाळीस खडे. मंजिरीनं मोजले.
बूड आतूनच शिवलं, शेजारी ड्रेन ठेवली.

संध्याकाळी खाजामियाँ: "पुरी काढली?"
"नाही. थोडी राहिली. मेन लाइनला चिकटली होती."
छताच्या पंख्याकडं बघत राहिले.
"मोंढ्यापाशी एकदा मीच फोडली होती मेन.
नऊ दिवस अर्धं गाव टँकरवर."
मग नातवाला दाखवायला खडे मागितले.

ड्रेनच्या पिशवीत फिकट लाल पाणी, हिरवं काही नाही.
तरी रात्री दोनदा
चप्पल न घालता वॉर्डात जाऊन आले.