नेम

सोळा नंबरची बस वळणं घेत चढते
आणि आपण गडावर पोचतो, घामाचा थेंब न गाळता.
धाप लागल्याशिवाय चढून आल्यासारखं वाटत नाही मला,
म्हणून तटापाशी उगाच थांबून
खालची डॅन्यूब बघते.
राखाडी, रुंद, बोटींनी चरे पाडलेली.

किल्ला कुठाय, असं पहिल्याच संध्याकाळी विचारलं
तेव्हा एतेल्काबाईंनी हातातली किल्ली माझ्या पायांकडे रोखली.
त्याच्यावरच तर उभी आहेस.
खिडकीतली जिरेनियमची कुंडी,
दातांच्या डॉक्टरची पितळी पाटी,
घरनंबर रंगवलेले कचऱ्याचे डबे,
कुणाचीतरी तिसऱ्या मजल्यावरून वाळत घातलेली चादर:
हाच बालेकिल्ला.
चादरीचेही फोटो काढतात लोक.
एतेल्काबाई म्हणतात, निदान इस्त्री तरी करून टाकायला हवी.

त्यांच्या दिंडी-दरवाज्यातून आत शिरलं
की बोळाच्या दोन्ही भिंतींत दगडी कोनाडे,
माणूस बसेल एवढे,
वर टोकदार कमान, तीन इकडे, तीन तिकडे.
आईस्क्रीम संपवायला पोरं बसतात तिथे.
एतेल्काबाईही बसतात, पिशवीतली कांद्याची पात
शेजारच्या कोनाड्यात ठेवून,
पाहुण्याला ठेवावं तशी.

कुणासाठी केले होते हे? मी विचारलं.
पहारेकऱ्यांसाठी? मालकाची वाट बघणाऱ्या नोकरांसाठी?
की कापड विकायला बसणाऱ्यांसाठी?
नेम तुदोम, त्या म्हणाल्या. माहीत नाही.
आणि मी दचकले,
कारण त्यांच्या भाषेत नेम म्हणजे नाही.
आमच्याकडे नेम असतो आणि मग तो नसतो,
म्हणजे पावसाचा नेम नाही, माणसाचा नेम नाही.
तुमच्याकडे नुसतं नेम म्हटलं
की नाहीच.
हे मी त्यांना खाणाखुणा करून सांगितलं.
त्यांना किती कळलं, नेम तुदोम.

हे कोनाडे शेकडो वर्षं कुणी पाहिलेच नव्हते.
कुणीतरी विटा रचून, गिलावा करून बुजवले,
पुढच्यांनी वर चुना दिला,
त्याच्या पुढच्यांनी हिरवा रंग.
एतेल्काबाईंच्या आजोबांनी तिथेच खुंटी ठोकली होती, टोपीसाठी.
मग तो वेढ्याचा हिवाळा.
सगळी आळी टेकडीच्या पोटातल्या तळघरांत,
बर्फ वितळवून पाणी,
मेलेल्या घोड्याचं मांस वाटीवाटीनं,
आणि एतेल्काबाई आईच्या पोटात.
म्हणजे पोटातल्या पोटात, त्या म्हणतात,
मला दुहेरी छत होतं.

बॉम्ब राजवाड्यासाठी होता.
नेम चुकला.
धूळ खाली बसली तेव्हा आई जिना चढून वर आली,
आठवा महिना, एक हात भिंतीला.
पण भिंत नव्हती.
छप्पर नव्हतं, खुंटी नव्हती, आजोबा नव्हते.
हिरवा रंग, चुना, विटा, सगळं उतरून
सहा रिकाम्या बैठका उघड्या पडलेल्या,
जणू आत्ताच कुणीतरी उठून गेलंय.
आई बसली.
दुसरं काय करणार, उभं राहवत नव्हतं.

एवढं सांगून एतेल्काबाई कांद्याची पात उचलतात.
सुपात घालायची आहे, सुकून जाईल.

शेवटच्या दिवशी बॅग भरून खाली आले
आणि पहिल्यांदाच त्या कोनाड्यात बसले.
चारचौघांदेखत संकोच वाटत होता इतके दिवस,
देवळात चुकून गाभाऱ्यात शिरावं तसा.
दगड गार. आणि सपाट नव्हे,
डाव्या बाजूला खोलगट झिजलेला.
म्हणजे जो कुणी बसायचा, रोज बसायचा,
तो डावीकडे कलायचा,
जिथून दरवाज्याची फट आणि फटीतून रस्ता दिसतो.

मीही कलले.
रस्त्यावरून एक टपालवाली सायकल ढकलत गेली.
बस यायला नऊ मिनिटं होती.