खरं

जांबोटीच्या शाळेत मे महिन्यातलं शिबिर.
मी नाशिकहून आलेला, पिशवीत
भिंग, चुंबक, होकायंत्र
आणि दहा दिवसांची उत्तरं, क्रमवार.

पहिल्या दिवशी सांगितलं,
मुंग्या वासाच्या वाटेनं चालतात.
सिद्राय कुगजी उठला : "खरं सर..."
शाब्बास. बस.

दुसऱ्या दिवशी, लोखंड पाण्यात बुडतं.
"खरं सर..." आता तबस्सुम.
शाब्बास. बस.
बसली. एकमेकांकडे बघत.
मला वाटलं, काय गुणी पोरं,
वाक्यागणिक होकार.

तिसऱ्या दुपारी स्वैपाकाच्या गंगव्वा
आधणात तांदूळ वैरता वैरता हसल्या :
"वो सर, आमच्यात 'खरं' म्हंजे 'पण'.
पोरं इचारूल्यात,
तुमी बसवूल्यासा."

रात्री पंखा बंद, डोळे उघडे.
दोन दिवसांत किती 'पण'
शाब्बासकी देऊन खाली बसवले.

सकाळी विचारलं, सिद्राय, परवा काय म्हणत होतास?
"जाऊंद्या सर. इसरलो."

तबस्सुम विसरली नव्हती.
तिचा मामा वास्कोला, धक्क्यावर.
"बोट लोखंडाचीच की. ती का बुडत न्हाई?"
उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, क्रमांक सात.
गिळलं.
गंगव्वांची परात मागून घेतली
आणि मलप्रभेवर गेलो. पाणी ढोपरभर.

परात तरंगली.
मग खडे, एकेक, श्वास धरून.
कुणी मराठीत मोजतंय, कुणी कन्नडात,
आकडे एकमेकांच्या पायांत येतायत.
सदतीस मावले. अडतिसाव्याला
परात तिरकी झाली आणि गेली.
बैलहोंगलचा मल्लेशी, चार दिवस गप्प असलेला,
पाण्यात हात घालून म्हणाला, "याक?"
कुणीही भाषांतर केलं नाही.

निघायच्या दिवशी एसटीच्या खिडकीशी सिद्राय.
"आठवलं सर. पावसानं वास धुऊन जातोय की.
मग मुंग्या घरला कशा जातात?"
मला ठाऊक नाही, म्हटलं.
गाडी सुटली तरी तो तिथंच,
खाली वाकून
रस्त्याच्या कडेला काहीतरी बघत.

आता नाशकात मुख्याध्यापक बोलत असतात
आणि माझ्या तोंडून निघून जातं,
"खरं सर..."
ते खूश होतात.
बोलत राहतात.