थुंकी लावून पाने उलटू नयेत

ही सूचना माझ्याच हातची,
निळ्या पेंटने, दाराशी,
'शांतता राखा'च्या खाली.
नंदुरबारात शांतता राखणं तसं अवघडच:
दिवाळी सरली की मिरचीची धूळ खिडकीतून येते
आणि पेपर वाचणारे एकामागून एक शिंकतात,
आधी अग्रलेखाला, मग निधनवार्तांना.

शनिवारी सात वाजता सामूहिक वाचन, असं ठरलं कार्यकारिणीत.
अनुदानाच्या अर्जात 'उपक्रम' असा रकाना असतो,
तो रिकामा नको, एवढंच कारण.
पहिल्या शनिवारी आले गिरासे मास्तर
आणि त्यांना सोडायला आलेला नातू.
नातू थांबला नाही.
मी सतरंजी पुन्हा गुंडाळली.

दुसऱ्या शनिवारी पथारीवरून सुटलेल्या बाया
पाणी प्यायला आत आल्या.
दिवसभर देठं खुडलेली,
बोटं अंगापासून लांब धरलेली,
उसनी आणल्यासारखी.
अभ्यासिकेत नसरीन पिंजारी होती.
तलाठी भरतीचं गाइड मिटून तिनं
कपाटातून हाताला आलं ते काढलं:
भर समुद्रातल्या एका दीपगृहाची गोष्ट,
दाखल क्रमांक चार हजार सातशे एकोणीस,
वीस वर्षांत कुणी घरी न नेलेली.

"तू वाच, माय. पान भी तूच उलट,
आमना हात तिखा शेतस."

समुद्र कुणीच पाहिला नव्हता, नसरीननंही.
पण बेटावर एकटा राहून
रात्रभर दिवा जागवणारा तो राखणदार,
त्याची काळजी सगळ्यांना लागली.
होनाबाईनं विचारलं,
"तो भाकर कसासंगे खास?"
नसरीननं पानं मागेपुढे चाळली.
लेखकानं लिहिलंच नव्हतं.
"मंग काय लिखं त्यानी?"
गिरासे मास्तर इतके हसले
की कवळी हातात घ्यावी लागली.

मग चौदा जणी. मग बावीस.
एकीचं तान्हं 'कादंबरी: क ते घ' या कपाटाला
डोकं लावून झोपायचं.
दिवे बंद करायची वेळ मी नऊची साडेनऊ केली,
इतिवृत्तात न लिहिता.

हंगाम संपला. शेवटच्या शनिवारी
ठगीबाई वळवी सरकत सरकत पुढे आली.
सकाळी धडगावची गाडी होती.
"दिवा कोठे लिखेल शे?"
नसरीननं दाखवलं.
हात तिखट आहेत हे विसरून
तिनं बोट टेकवलं. दि. थांबली. वा.
पुन्हा दि, पुन्हा वा,
नाल्यातल्या दगडांवर पाय ठेवत जावं तशी.
बाकीच्या गप्प.
त्या दिवशी सूचनेतली शांतता
मी पहिल्यांदा ऐकली.

जूनमध्ये तपासणी आली.
निरीक्षक साहेबांनी सूचना वाचली असणार,
पण सवय.
बोट जिभेला, बोट पानाला, पुन्हा जिभेला.
एकशे बारावर ठसका लागला.
डोळ्यांत पाणी, ओठ लाल,
"काय आहे हो या पुस्तकात?"
मी माठातलं पाणी दिलं.
साखर शोधतो म्हणालो, शोधली नाही.
शब्दाखालचा तांबूस डाग दाखवून ते म्हणाले,
खराब झालंय, बाद करा.

बाद करण्याच्या वहीत एक रकाना असतो: कारण.
त्याच्यासमोर पेन उघडून बराच वेळ बसलो.
मग खुणेला ठेवलेला मिरचीचा देठ
होता तिथेच राहू दिला.
राखणदाराचं पुढे काय झालं, मी वाचलेलं नाही.
एकट्यानं पान उलटणं बरं वाटेना.

देवघेवीच्या वहीत लिहिलं:
चार हजार सातशे एकोणीस.
नेणाऱ्याचं नाव: ठगीबाई वळवी आणि इतर.
परतीची तारीख: दिवाळीनंतर.