एकेचाळिसावा मजला

एक टोक माझ्या हातात,
दुसरं नो-पार्किंगच्या खांबाला.
फिरवायला दुसरं माणूस मिळत नाही
आणि खांब काही दमत नाही.

रुवीत मगरिबची बांग संपली
की डोंगर एकदम जवळ सरकतात,
आणि पार्किंगची फरशी
चप्पल काढता येईल इतपत निवते.
मग जिन्यातून हाक येते :
आँटी, दोरी!

दोरी म्हणजे कार्टन बांधायची, निळी, नायलॉनची,
मागच्या सुट्टीला उरलेली.
फरशीवर पडते ती फटक, फटक, फटक
आणि मला इचलकरंजी ऐकू येते :
भिंतीपलीकडे वडिलांचे चार माग,
ज्यांच्या तालावर मी पाढे म्हटले
आणि सतराच्या पाढ्यात
रोज त्याच जागी अडखळले.

पोरींना मराठी येत नाही.
शहद कैरोची, जोविलिन सेबूची,
अनाबिया सियालकोटची,
आणि अन्सिया, कोळिकोडची,
पुढच्या दातांत फट.
माझी स्वतःची लेक वर बसून
टॅबवर फळं कापते.
तर गाणं मीच जुळवलं,
जे समोर दिसलं त्याचं :

    टाकी रिकामी, टँकर आला,
    पाईप निळा नि शर्ट ओला.
    पाचव्या मजल्यावर पाणी नाही,
    डोळ्यात शॅम्पू, बाई गं बाई!
    लिफ्ट चालू? नाही नाही.
    चढत राहा, थांबायचं नाही!

मग एका उडीला एक मजला.
एक, दोन, तीन, चार.
मध्येच कुणाची गाडी रिव्हर्स येते,
तेवढ्यापुरता मजला धरून ठेवायचा,
एक पाय वर, हलायचं नाही.
शहद अकरावर आली की वैतागून
वाहद, इत्नेन, तलाता सुरू करते;
तेही चालतं.
जोविलिनच्या तोंडात ळ मावत नाही.
अन्सियाच्या तोंडात तो होताच,
घरून आणलेला.

‘बाई गं बाई’चं त्यांनी
‘बाय-बाय गं बाय’ केलं.
दोन दिवस मी दुरुस्त केलं,
तिसऱ्या दिवशी मीही तेच म्हणत होते.

एका गुरुवारी अन्सिया
एकेचाळिसाव्या मजल्यावर गेली.
सगळ्या रुवीत एवढी उंच इमारत नाही.
दोरी पायात अडकली, ती खाली बसली,
धाप लागलेली, वेणी सुटलेली.
अनाबियानं विचारलं, काय दिसतं गं वरून?
अन्सियानं जरा विचार केला.
म्हणाली, आपल्या बिल्डिंगची टाकी.
झाकण उघडंच आहे.

मार्चमध्ये तिच्या बाबांची कंपनी बंद झाली.
रात्री ते दारात आले, चप्पल बाहेर काढून,
दोन बोटं हवेत गोल फिरवून दाखवली :
कार्टन बांधायचेत, दोरी आहे का?

मी नाही म्हटलं.

दाराच्या मागे, खिळ्याला,
ती निळी लटकत होती.
ते ‘नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम’ म्हणत जिना उतरले,
सहा मजले, लिफ्ट बंद,
आणि मी दाराला पाठ लावून उभी,
कुणी ढकलेल अशी.

पुढे आठवडाभर मी खाली गेले नाही.
गुडघा दुखतो म्हटलं.
पोरी खांबाभोवती नुसत्याच फिरायच्या,
वरून दिसायच्या.

काल फोनवर तिचा आवाज आला,
एक मिनिट नऊ सेकंद.
मागे कोंबडी, कुणाची तरी हाक,
आणि दोरी. कुठली, कुणास ठाऊक.
तिथं ती फटक वाजत नाही,
मातीत पडते, धप, धप.
गाणं तेच. टँकरच्या जागी विहीर घातलीय,
लिफ्ट मात्र तशीच ठेवलीय, बंद.
बाय-बाय गं बाय.
सदतीस, अडतीस, एकोणचाळीस,
ळ अगदी जिथल्या तिथे,
चाळीस, एकेचाळीस,
आणि मग श्वास, आणि

बेचाळीस.

मी तो दोनदा ऐकला.
तिसऱ्यांदा ऐकणार तेवढ्यात
जिन्यातून हाक आली.
दाराच्या खिळ्याकडे हात गेला,
गाठ सोडायला थोडा वेळ लागला.
टॅब ठेव, मी लेकीला म्हटलं,
खांबाला आज सुट्टी.