कुबट

एकीने तीन स्टार दिले, एकाने दोन.
कारण कोण सांगतं?
तिसरी मात्र बीकेसीला उतरताना थांबली,
पोरगी चांगली होती, हळूच म्हणाली,
दादा, तुमच्या एसीला वास येतोय.
ओल्या गोणपाटासारखा.

मी हुंगलं. काहीच नाही.
काचा लावून हुंगलं, उघडून हुंगलं,
सिग्नलला जाळीला नाक टेकवून हुंगलं,
शेजारचा टेम्पोवाला बघत राहिला.
काहीच नाही.

मग मोगऱ्याची बाटली आणली डॅशबोर्डवर.
वास तिच्याखालीच बसून राहिला म्हणे,
अंघोळ न करता सेंट मारून
लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा.
कापूर झाला. लिंबाच्या फोडी झाल्या.
रंजनाने जुन्या ओढणीत कॉफीची पुरचुंडी बांधून दिली.
माहीमला बसलेले एक आजोबा
वरळी येईस्तोवर विचारत होते,
गाडीत सत्यनारायण घातलात का हो?

कापडिया नगरात सत्तारभाईचा गाळा.
त्याने दार उघडलं नाही, एसी लावून बघितला नाही,
आधी वाकून गाडीखाली पाहिलं.
पाणी कुठंय?
कसलं पाणी?
अरे, एसी चालतो तेव्हा गाडी मुतते.
तुझी कधीपासून मुतत नाही?

मला आठवेना.
गाडीखाली कोण बघतं, अकरा तास मी आतच.

ग्लोव्ह बॉक्स उचकटून त्याने माझ्या मांडीवर ठेवला,
बॅज, पीयूसी, पोराचा पासपोर्ट फोटो, सुटे पैसे सगळं तसंच,
आणि मागून फिल्टर ओढला.
नवा पांढरा असतो म्हणे.
ह्याच्यात मेट्रोच्या खांबांची धूळ होती,
शिरीषाचे वाळलेले तुरे, कबुतराचं पीस,
माहुलकडचं काहीतरी काळं, तेलकट,
आणि एक लांब केस, कुणाचा कोण जाणे.
अडीच वर्षं मी ह्याच्यातून गाळलेली थंडी
किलोमीटरवर विकत होतो.

मग बोटाएवढी एक नळी. तिच्यात तार घातली,
फिरवली, शिवी दिली, परत फिरवली.
भक्कन पाणी आलं, पितळेच्या रंगाचं,
सत्तारभाईच्या चपलेवर.

तेव्हा मला वास आला.

लगेच ओळखला.
प्रतीक्षानगर, संक्रमण शिबिर, तिसरा मजला,
आमच्या कपाटामागची भिंत.
म्हणून इतके दिवस नाक गप्प होतं.
घरच्या माणसाची चहाडी ते कशाला करेल?

कॉइलवर फेस मारला, नवा फिल्टर बसवला,
नऊशे घेतले, आणि फुकटात एक सांगितलं.
रात्री गाडी लावायच्या आधी पाच मिनिटं
थंडी बंद कर, पंखा चालू ठेव.
आतलं वाळू दे.
ओलं तसंच झाकून झोपलास तर
कुजणारच ना.

आता शेवटचं भाडं सोडलं की
सायन सर्कलपासून मी पंखा चारवर ठेवतो.
गरम वारा तोंडावर येतो, घाम येतो,
खाली रस्त्यावर थेंब पडत असणार,
ते मला दिसत नाहीत.
स्टार वाढलेत. चार पूर्णांक सहा.

पण जिना चढून दारात आलो की पाय अडतो.
तो येतो, समोर, रोज,
आठ वर्षांत कधी आला नव्हता तसा.
दारात काय उभे? रंजना म्हणते.
तिला नाही येत. मी सांगितलंही नाही.

रविवारी कपाट ओढलं.
मागे भिंत काळी, पोराच्या उंचीएवढी.
सहा महिन्यांसाठी दिली होती ही खोली.
चार बोटं सरकलं कपाट,
पुढे पलंग लागतो.
त्या फटीत टेबलफॅन तोंड करून ठेवलाय.

रात्री आम्ही तिघं घामात झोपतो,
वारा भिंतीला.
किती दिवस? रंजना विचारते.
सत्तारभाईने मला
गाडीचंच सांगितलं होतं.