समुद्रसपाटी

पालशेतला चहा घेतानाच चेन कुरकुरत होती.
तेलाची बाटली दापोलीत राहिली,
लॉजच्या न्हाणीघरातल्या कोनाड्यात.

रस्ता किनाऱ्यानं जातो, असं नकाशा म्हणतो.
नकाशाला मांड्या नसतात.
खाडी आली की उतार, खाडी सरली की चढ,
कमावलेली उंची
पुढच्या पुलावर मोजून परत करायची.

हेदवीच्या सड्यावर उतरले, ढकलत चालले.
जांभा तापलेला,
करवंदीची जाळी धुळीनं लाल,
आणि माझा श्वास एवढा मोठा
की गुरांनी माना वळवल्या.

तवसाळच्या जेट्टीवरून फेरी नुकतीच सुटलेली.
तिकीटवाले परकार म्हणाले,
"तुमची सायकल मघापासून ऐकतोय, वरच्या वळणापासून."
मग, "सोबत कोण?"
"कुणी नाही."
"मग चुकली तर चुकली. वाट कोण बघतंय?"

बरोबरच होतं.
तरी लागलं जरा.

टाचांच्या भेगांना ठेवलेलं भिरंडेल
त्यांनी डबीतून काढलं, उन्हात पातळ केलं,
चेनवर चोळलं एकेक कडी सरकवत,
तसबी ओढावी तसं.
उरलेलं माझ्या तळहातावर ठेवलं,
फोडांकडे न बघता.

जयगडच्या चढाला चेन गप्प.
आता कुरकुरत होते ती मीच.

रात्री नेवऱ्यात घड्याळ सांगतं,
आजची चढाई बाराशे चाळीस मीटर.
खिडकीखाली भरतीचं पाणी.
एवढं चढून मी पुन्हा शून्यावर,
आणि दिव्याचं बटण
तेलकट बोटांतून निसटतंय.