वाढलेल्याला भाव नाही

कन्ना चौकामागच्या बोळात
जिथं पूर्वी चार माग चालायचे
तिथं आता काचेच्या पेट्या आहेत.
भिंतीवर तेलाचे डाग तसेच,
फरशीत बोल्टांची भोकं तशीच.
गुर्रमकाका म्हणतात, आवाज तेवढा गेला.

मी कॉलेज सुटल्यावर येते, चिठ्ठ्या लिहिते.
अक्षर बरं आहे म्हणून ठेवलंय मला.
लाल कानाचं कासव, पिल्लू, जोडी तीनशे.
हिरवा इग्वाना, कागदांसकट, साडेसहा हजार.
दिवा वेगळा. काच वेगळी.
कॅल्शियमची पूड वेगळी, आणि ती
कुणीच घेत नाही.

थंडीत तीन दिवे लागतात.
मे महिन्यात एकही नाही,
तेव्हा सोलापूरच दिवा असतं.
मग ओलं गोणपाट, बाटलीत गोठवलेलं पाणी,
आणि काका दर तासाला पेटीत हात घालून बघणार,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

इग्वानाची कात बोटांवर अडकते.
नाही काढली तर आवळते, बोट काळं पडून गळतं.
काका कोमट पाण्यात त्याचा पाय धरतात
आणि नखानं, हळू, हळू,
एकेक पापुद्रा सोडवतात.
तुटलेला धागा चालत्या मागावर
तीस वर्षं सांधलेली बोटं आहेत ती.
या कामाचे पैसे चिठ्ठीवर कुठं लिहायचे
मला अजून कळलेलं नाही.

एकजण आला, दाराशीच थांबला,
आवाज खाली घेऊन म्हणाला, दुतोंड्या मिळंल का?
लाखात बोलू.
काकांनी झाडू उचलला नाही, एवढंच.
'शेतात हाय त्यो. उंदरं खातोय. खाऊ दे की त्याला.'

बाकी गिऱ्हाइकं साधी.
पोर रडतं, बाप पाकीट काढतो.
काका आधी विचारतात, मोठं झाल्यावर कुठं ठेवशील?
'मोठं होतं व्हय हे?'
की लगेच तीनशेचे पाचशे होतात.
'किती जगतं, काका?'
'नीट ठेवलास तर पोरीच्या लग्नाला येईल बघ.'
हसतात लोक. पाचशे देतात.
वर प्लॅस्टिकचं ताडाचं झाड मागतात.

काल जुळे सोलापूरहून एकजण
रंगाच्या बादलीत कासव घेऊन आला.
चार वर्षांत ताटलीएवढं झालेलं,
पाठीचं कवच उकललेलं, डोळे सुजलेले.
'तुमच्याकडूनच नेलंतं. निम्मे तरी द्या.'

काका बराच वेळ बादलीत बघत राहिले.
'चादर आम्ही वजनावर विकली,' म्हणाले,
'जितकी जड तितकं मोल.
ह्याचं उलटंय बघा.
रुपयाएवढं असलं तर तीनशे.
वाढलेल्याला भाव नाही.'

'मग कंबर तलावात सोडतो.'

काकांनी गल्ल्यातनं शंभर काढले
आणि बादलीसकट घेतलं.

मागच्या सिमेंटच्या हौदात आता बारा झाली.
त्यांचा खर्च वहीत रोज लिहिते मी:
सुकट, पालक, डोळ्यांचे थेंब.
समोरच्या रकान्यात काय लिहू विचारलं
तर काका चष्मा पुसत बसले.

रात्री आठला लाइट गेली.
जानेवारी. दिवे विझले तशी
पेट्यांमधली हालचाल मंद होत गेली.
काकांनी फळीवरून चादर ओढली,
त्यांच्याच मागावरची शेवटची,
मोराची, एका मोराला मान नसलेली,
आणि इग्वानाच्या काचेवर पांघरली.
कडा खोचल्या. एक बोट हवेला जागा ठेवली.

मेणबत्तीच्या उजेडात एक बाई आत आली,
पेटीपाशी वाकली.
'ही केवढ्याला?'
साडेसहा, मी म्हणाले, कागदांसकट.

ती चादरीचा काठ
दोन बोटांत धरून बघत होती.